शाळेतला गोळीबार: वर्गाचं कुलूप आधी की बंदुकीचा कायदा आधी?

ओवी_न्यूजर्सी | १७ ऑगस्ट, रात्री ९:१०

अमेरिकेतल्या शाळा आता सुरू होतील आणि त्यांच्या मागोमाग आपल्या रविवारच्या मराठी शाळाही. यातल्या बऱ्याच शाळा भाड्याने घेतलेल्या इमारतीत नाहीतर चर्चच्या वर्गांत भरतात. शिकवणारे स्वयंसेवक, इमारत दुसऱ्याची, किल्ल्या तिसऱ्याकडे. वेळ आली तर वर्ग आतून बंद कसा करायचा, घोषणा कोणी करायची, ९११ ला (आणीबाणीच्या मदतीचा नंबर) पत्ता काय सांगायचा, हे आधीच लिहून ठेवलेलं असायला हवं.

हा विषय काढला की पालकांचे दोन तट पडतात. काहीजण म्हणतात, बंदुका आवरल्याशिवाय बाकी सगळी मलमपट्टी. काहीजण म्हणतात, कायदा होईल तेव्हा होईल, दार आज बंद झालं पाहिजे. दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी नेमकं लिहा. रविवारच्या शाळेने काय करावं, तेही सांगा.

---

कडीकोयंडा | १७ ऑगस्ट, रात्री १०:०२

दारापासून सुरू करतो.

अमेरिकेतल्या जुन्या शाळांमध्ये वर्गाला जे कुलूप असतं, त्याला आतून बंद करायची सोयच नसते. शिक्षिकेने दार उघडायचं, बाहेर कॉरिडॉरमध्ये हात काढायचा, किल्ली घालायची, फिरवायची आणि मग दार ओढून घ्यायचं. शांत दिवशी याला काही सेकंद लागतात. बाहेर गोळ्या वाजत असताना हात इतके थरथरतात की किल्ली भोकात जात नाही. सँडी हुक शाळेतल्या गोळीबारात (१४ डिसेंबर २०१२, २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली) हीच कुलपं होती. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने २०१५ च्या अहवालात लिहिलं की कुलूप लावलेलं वर्गाचं दार फोडून हल्लेखोर आत शिरल्याचं एकही उदाहरण त्यांच्यासमोर आलं नाही. प्रत्येक वर्ग आतून बंद करता यायला हवा, ही त्यांची ठळक शिफारस होती.

आता पर्याय.

आतल्या बाजूला बटण किंवा फिरवायची खुंटी असलेलं कुलूप सगळ्यात चांगलं. किल्ली शोधावी लागत नाही, बदली शिक्षकालाही जमतं. काही कुलपांवर लाल-हिरवी खिडकी असते, त्यामुळे दार खरंच बंद झालं की नाही हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. आत किल्ली घालायचं कुलूप दुय्यम: ती किल्ली कोणाकडे, आणि ती कुठल्या बाजूला फिरवायची, हे ऐनवेळी आठवत नाही.

तिसरी युक्ती स्वस्त आहे. कुलूप कायम लावलेलंच ठेवायचं आणि चौकटीवरच्या पट्टीवर एक चुंबकाची चपटी पट्टी चिकटवायची. खटका भोकात पडत नाही, दार ढकलून उघडतं. गरज पडली की पट्टी ओढायची आणि दार लोटायचं. अडचण एकच: अग्निरोधक दार असेल तर त्याचा खटका नेहमी बसलाच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे अग्निशमन अधिकारी ही पट्टी काढायला लावू शकतात. आधी विचारून घ्या.

दाराला आतून लावायचे लोखंडी अडसर, पट्टे, पाचर असल्या वस्तू ऑनलाइन खूप विकल्या जातात. घाई करू नका. अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार दार आतून एकाच हालचालीत, किल्ली किंवा हत्याराशिवाय उघडलं पाहिजे; कडी जमिनीपासून ३४ ते ४८ इंचांच्या दरम्यान हवी; आणि बाहेरून अधिकाऱ्याला किल्लीने उघडता आलं पाहिजे. शेवटची अट लोक विसरतात. एखाद्या मुलाने दुसऱ्याला आत कोंडलं आणि अडसर घातला तर बाहेरच्या शिक्षकाला काही करता येणार नाही.

---

मध्यरात्रीचा_चहा | १७ ऑगस्ट, रात्री १०:२०

आयडी शोभतोय तुम्हाला! माहितीबद्दल मनापासून आभार.

---

नियमावली | १७ ऑगस्ट, रात्री ११:३५

कुलपाचा मुद्दा मान्य. पण हल्लेखोर दारापर्यंत बंदूक घेऊन पोचतो, त्याआधी बरीच दारं उघडी राहिलेली असतात. ती कायद्याची.

दुकानातून बंदूक घेताना काय होतं ते बघा. परवानाधारक विक्रेता ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घेतो आणि ग्राहकाच्या पूर्वेतिहासाची चौकशी एफबीआयच्या यंत्रणेकडे पाठवतो. ही यंत्रणा १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून आली आणि १९९८ पासून चालू आहे. उत्तर तीनांपैकी एक: विका, थांबा, नाही. 'थांबा' आलं आणि कामकाजाच्या तीन दिवसांत पुढचं काही कळलं नाही, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे विक्रेता बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये ९ माणसं मारणाऱ्याला बंदूक अशीच मिळाली होती. खाजगी व्यक्तीकडून घेतली तर केंद्रीय कायद्याने चौकशीच बंधनकारक नाही. काही राज्यांनी आपापल्यापुरती ही फट बुजवली आहे. कोलंबाइन शाळेतल्या गोळीबाराच्या (२० एप्रिल १९९९) चारपैकी तीन बंदुका हल्लेखोरांच्या १८ वर्षांच्या मैत्रिणीने प्रदर्शनात खाजगी विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या. कोलोरॅडोच्या मतदारांनी पुढच्याच वर्षी प्रदर्शनातल्या विक्रीला चौकशी सक्तीची केली.

वयाचंही तसंच विचित्र आहे. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षं पूर्ण हवीत, रायफलला १८ पुरतात. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या (२४ मे २०२२, १९ मुलं, २ शिक्षिका) हल्लेखोराने १८ वा वाढदिवस झाल्या झाल्या दोन रायफली कायदेशीर विकत घेतल्या. त्यानंतर महिनाभरात, जून २०२२ मध्ये, दोन्ही पक्षांच्या मतांनी कायदा झाला. २१ च्या आतल्या ग्राहकाच्या अल्पवयातल्या नोंदीही आता तपासतात आणि शंका आली तर मुदत कामकाजाच्या १० दिवसांपर्यंत वाढते. फ्लॉरिडाने तर पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर (१४ फेब्रुवारी २०१८, १७ मृत्यू) तीन आठवड्यांत रायफलचं वयही २१ केलं. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने हे केलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ज्याच्याकडून धोका दिसतोय त्याच्या बंदुका न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरत्या काढून घेण्याचा कायदा वीसहून अधिक राज्यांत आहे. अर्ज कोणी करायचा हे राज्यागणिक बदलतं: फ्लॉरिडात फक्त पोलीस, न्यूजर्सीत पोलीस आणि घरचे, न्यूयॉर्कमध्ये शाळेचे अधिकारीसुद्धा. आपल्या राज्यात काय आहे हे प्रत्येक पालकाने शोधून ठेवावं.

---

डॅलसचे_तात्या | १८ ऑगस्ट, सकाळी ७:४५

नियमावली, कायद्यांची यादी बरोबर आहे, पण त्याने ग्रामीण टेक्सासमधल्या शाळेचा प्रश्न सुटत नाही. शेरीफच्या गाडीला पोचायला तिथे वीस-पंचवीस मिनिटं लागू शकतात. पार्कलंडमध्ये चार मिनिटांच्या आत ३४ जणांना गोळ्या लागल्या होत्या. हिशोब तुम्हीच करा.

म्हणून २०२३ च्या कायद्याने टेक्सासने प्रत्येक शाळेत एक सशस्त्र अधिकारी सक्तीचा केला. माणूस मिळत नसेल तर शाळेला अपवाद घेता येतो, आणि मग प्रशिक्षण घेतलेला शिक्षक किंवा कर्मचारी शस्त्र बाळगतो. राज्याने प्रत्येक शाळेमागे १५,००० डॉलर दिले. पूर्णवेळ अधिकाऱ्याचा पगार त्यात कुठे भागतो! म्हणून छोट्या शालेय जिल्ह्यांना शिक्षकांवरच विसंबावं लागतं. शहरातल्या लोकांना हे भयंकर वाटतं, मला ठाऊक आहे. पण त्या गावांसाठी दुसरा पर्याय कोणी सांगत नाही.

---

स्नेहल_के | १८ ऑगस्ट, सकाळी ९:१५

तात्या, आदर ठेवून असहमत.

कोलंबाइनमध्ये सशस्त्र अधिकारी होता, त्याने गोळ्याही झाडल्या. पार्कलंडमध्ये होता, तो बाहेर थांबला. युवाल्डीत तर शेवटी ३७६ पोलीस जमले आणि ७७ मिनिटं मुलं हल्लेखोराबरोबर आत होती. पोलीस कॉरिडॉरमध्ये किल्ल्या शोधत होते. आणि ज्या दारासाठी शोधत होते, ते बहुधा बंद नव्हतंच. १११ क्रमांकाच्या खोलीचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत माहीत होतं, पण दुरुस्त झालं नव्हतं.

शिक्षकाकडे पिस्तूल असलं तर ते दिवसभर अंगावर हवं, नाहीतर उपयोग नाही. अंगावर असलं तर पंचवीस मुलांच्या घोळक्यात ते सांभाळायचं. आणि पोलीस आत शिरतात तेव्हा हातात पिस्तूल असलेला साध्या कपड्यातला माणूस शिक्षक आहे की हल्लेखोर, हे त्यांना कसं कळणार?

---

डॅलसचे_तात्या | १८ ऑगस्ट, सकाळी ९:४०

शेवटचा मुद्दा खरा आहे. त्यासाठी प्रशिक्षणात पोलीस आणि कर्मचारी एकत्र सराव करतात, पण सगळीकडे होतो असं नाही. युवाल्डीबद्दल मात्र एक सांगतो: तिथे कमी पडली ती आज्ञा देणारी व्यक्ती. कोलंबाइननंतर नियमच बदलला होता की पहिल्या पोलिसाने थांबायचं नाही, आत शिरायचं. नॅशव्हिलच्या शाळेत मार्च २०२३ ला पोलिसांनी तसंच केलं. पहिल्या फोनपासून साधारण चौदा मिनिटांत संपवलं. तरी तोवर तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गेली होती.

---

कडीकोयंडा | १८ ऑगस्ट, सकाळी ११:०५

नॅशव्हिलचं निघालं म्हणून काचेबद्दल. तिथे दारं बंद होती, हल्लेखोर काच फोडून आत आला. सँडी हुकमध्येही दाराशेजारच्या मोठ्या काचेतूनच.

काचेवर लावायची सुरक्षा फिल्म गोळी अडवत नाही. विकणारे कधीकधी तसं भासवतात. ०.२ मिलिमीटरची फिल्म फुटलेली काच एकत्र धरून ठेवते, म्हणजे आत शिरायला वेळ लागतो. तोही तेव्हाच, जेव्हा फिल्मची कड सिलिकॉनने चौकटीला पक्की जोडलेली असते. नुसती काचेपुरती कापून लावली तर लाथ मारल्यावर काच फिल्मसकट चौकटीतून बाहेर येते. बघताना कोपरा बघा: फिल्म आणि चौकट यांच्यामध्ये मोकळी फट दिसली तर काम अर्धवट झालंय.

तेच 'बुलेटप्रूफ' दप्तरांचं. बहुतेकांचा दर्जा तीन-ए असतो, म्हणजे पिस्तुलाच्या गोळीपुरता. रायफलची गोळी त्यातून आरपार जाते.

---

पुण्याची_ईशा | १८ ऑगस्ट, दुपारी १२:३०

अवांतर: भारतात बंदुकीचा परवाना मिळवतानाच दमछाक होते. १९५९ चा शस्त्र कायदा, वयाची अट २१, पोलीस पडताळणी, आणि कारण पटवून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं. अमेरिकेला असं का जमत नाही?

---

नियमावली | १८ ऑगस्ट, दुपारी १:१०

ईशाताई, भारतात शस्त्र ही सवलत आहे, अमेरिकेत तो घटनेतला हक्क आहे. २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला. २०२२ च्या ब्रूएन निकालाने घराबाहेर बंदूक बाळगायला 'कारण पटवून द्या' असं म्हणणारा न्यूयॉर्कचा नियमच रद्द केला. म्हणजे आपल्याकडची मूळ अटच तिथे घटनाबाह्य. २०२४ च्या रहिमी निकालाने थोडं सावरलं: दुसऱ्याला धोका असल्याचं न्यायालयाने ठरवलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते. ऑस्ट्रेलियाने १९९६ नंतर लाखो बंदुका परत विकत घेतल्या, ब्रिटनने डन्ब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर पिस्तुलांवर बंदी घातली. ते अमेरिकेत जसंच्या तसं होणार नाही. जे टिकेल तेच मागायला हवं: वय, चौकशी, धोक्याचे आदेश, घरातलं कुलूप.

---

बालरोग_डॉ | १८ ऑगस्ट, दुपारी ४:५०

'घरातलं कुलूप' हा शब्द शेवटी आला, तो पहिला यायला हवा होता.

सीक्रेट सर्व्हिसने (अमेरिकी अध्यक्षांचं संरक्षण करणारी केंद्रीय संस्था) २००८ ते २०१७ मधल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी बंदूक वापरली, त्यातल्या तीन चतुर्थांश मुलांनी ती घरातून, आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरून आणली होती. मिशिगनच्या ऑक्सफर्डमध्ये (नोव्हेंबर २०२१) वडिलांनी चार दिवसांपूर्वी घेतलेलं पिस्तूल होतं. २०२४ मध्ये आईवडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा झाली.

त्याहून मोठी गोष्ट सांगते. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. त्यातले शाळेतल्या गोळीबाराचे मृत्यू फार थोडे. बाकी आत्महत्या, घरातले अपघात, खून. किशोरवयीन मुलाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो आणि जातो. त्या काही मिनिटांत हाताशी काय आहे, यावर सगळं ठरतं.

ज्यांच्या घरी बंदूक आहे, त्यांनी ती रिकामी करून कुलपात ठेवावी आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. केबल लॉक असेल तर तार बंदुकीच्या आतून अशी ओवायची की गोळी आत जायची जागा मिटूच शकणार नाही. नुसती ट्रिगरच्या कड्यातून घातली तर उपयोग नाही. भरलेल्या बंदुकीला ट्रिगर लॉक कधीच लावू नये. तिजोरीचा कारखान्यातून आलेला ०-०-० आकडा बदला, आणि मुलाचा वाढदिवस ठेवू नका. काचेचं दार असलेलं शोभेचं कपाट कुलूपबंद असलं तरी ते कुलूप नाही. 'किल्ली कुठे आहे ते आमच्या मुलांना माहीत नाही' असं मानू नका. मुलांना माहीत असतं.

---

स्नेहल_के | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

डॉक्टर, मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जातं, तेव्हा हे विचारायचं कसं? नव्या ओळखीच्या घरी 'तुमच्याकडे बंदूक आहे का' हे तोंडातून निघत नाही.

---

बालरोग_डॉ | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

आधी आपलं सांगून टाका. 'आमच्याकडे कुत्रा आहे, पूल नाही, बंदूक नाही. ईशानला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तुमच्याकडे कसं आहे?' ॲलर्जीच्याच ओघात आलं की समोरच्याला आरोप वाटत नाही. 'आहे' म्हणाले तर दुसरा प्रश्न: 'कुलपात, गोळ्या वेगळ्या, बरोबर ना?' उत्तर अडखळलं तर मुलांना आपल्या घरी बोलवा. आजीआजोबा, काकामामा यांनाही विचारा. नात्यात विचारायचं राहून जातं.

---

मध्यरात्रीचा_चहा | १८ ऑगस्ट, रात्री ८:१५

एक भाषेचा प्रश्न. लहान मुलांना मराठीत काय सांगायचं? वर्ग बंद करून लपायच्या इंग्रजी आज्ञेप्रमाणे 'लॉकडाऊन' म्हटलं की भारतातून नुकत्याच आलेल्या घरांत कोरोनाच आठवतो.

---

ओवी_न्यूजर्सी | १८ ऑगस्ट, रात्री ८:४०

इंग्रजी शाळेत 'लॉक्स, लाइट्स, आउट ऑफ साइट' शिकवतात. मराठी शाळेत 'दार बंद, दिवे बंद, बोलणं बंद' म्हणता येईल. तीनदा 'बंद' आलं की पाच वर्षांचं मूलही विसरत नाही. पण खरी आज्ञा इंग्रजीच राहू द्या. मुलांचे कान तिला सरावलेले आहेत, दोन भाषांत गोंधळ नको. न्यूजर्सीत शाळांना दर महिन्याला एक सुरक्षा सराव करावाच लागतो, आणि २०२२ च्या कायद्याने त्यात खोटं रक्त, खोट्या बंदुका, गोळीबाराचे आवाज यांना मनाई आहे. आपणही सराव शांतपणे, आधी सांगूनच करायचा.

---

कडीकोयंडा | १९ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ओवीताई, मूळ प्रश्नाकडे येतो. रविवारच्या शाळेसाठी, पैसे फारसे न लागता.

पहिल्या रविवारच्या आधी इमारतीच्या कस्टोडियनबरोबर (देखभाल करणाऱ्या माणसाबरोबर) तासभर फिरा. जेवढे वर्ग वापरणार, तेवढ्या प्रत्येक दाराचं कुलूप बघा. किल्ली लागत असेल तर ती त्या वेळेपुरती वर्गशिक्षकाच्या गळ्यात असली पाहिजे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही. दार कुलूप लावूनच ठेवा. उशिरा आलेल्या मुलासाठी आतून उघडायचं.

बाहेरच्या दारांवर मोठे आकडे असतात, ते पोलिसांसाठीच असतात. नकाशावर लिहा. ९११ ला 'शाळेत गोळीबार' एवढं पुरत नाही. 'दार क्रमांक ४, पहिला मजला, पूर्वेकडची बाजू' हवं. रविवारी एकच दार वापरा आणि तिथे एक पालक उभा ठेवा. पार्किंगमधून डबे आणायला दुसऱ्या दाराला कोणी दगड लावून ठेवत नाही ना, हे दर तासाला बघा. युवाल्डीत बाहेरचं दार ओढून बंद केलं होतं, पण ते लॉक झालं नाही. आणि लॉक झालंय का, हे कोणी बघितलं नाही.

वर्गात दाराच्या काचेतून न दिसणारा कोपरा ठरवा. दाराबाहेर उभं राहून आत बघा, जिथून नजर संपते तिथे जमिनीवर रंगीत टेप लावा. मग मुलं तिथे प्रत्यक्ष बसवून बघा. पार्कलंडमध्ये काही वर्गांत आडोशाच्या जागी टेबलं आणि कपाटं होती, सगळी मुलं मावली नाहीत.

फायर अलार्म वाजला तर लगेच बाहेर धावू नका. धुराचा वास, ज्वाळा, काही आहे का ते बघा. पार्कलंडमध्ये गोळीबाराच्या धुराने आणि धुळीने अलार्म वाजला आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलं बाहेर आली.

दार कोणाच्याही हाकेने उघडायचं नाही. पोलीस किंवा कस्टोडियन बाहेरून किल्लीने उघडतील.

---

बालरोग_डॉ | १९ ऑगस्ट, सकाळी ८:२०

रक्तस्राव थांबवायची पेटी पण घ्या. टूर्निके (रक्त थांबवायला पिळून आवळायचा पट्टा) दंडाला किंवा मांडीला, जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत पिळायचा. खूप दुखतं, तरी सैल करायचा नाही. लावल्याची वेळ त्यावरच लिहायची. खांदा किंवा जांघ असेल तर तो बसत नाही. तिथे गॉझ जखमेत ठासून भरायचं आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचं. प्रशिक्षण साधारण दीड तासाचं असतं, बऱ्याच इस्पितळांत फुकट. प्रत्येक रविवारी निदान दोन प्रशिक्षित माणसं इमारतीत असतील, असं वेळापत्रक करा.

---

डॅलसचे_तात्या | १९ ऑगस्ट, सकाळी ९:००

पालकांसाठी एक: बातमी कळली की कोणी शाळेकडे गाडी पळवू नये. रस्ते अडतात, ॲम्ब्युलन्स अडकतात. मुलं कुठे सोपवायची ती जागा आधी ठरवून सगळ्यांना सांगा, आणि हजेरीचा कागद शिक्षकाच्या खिशात असू द्या, फोनमध्ये नको. आणि नियमावली, धोक्याच्या आदेशाबद्दल मी अजून साशंक आहे, पण घरातल्या कुलपाबद्दल माझं पूर्ण अनुमोदन.

---

ओवी_न्यूजर्सी | १९ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. प्रवेश अर्जावर ॲलर्जीच्या खाली 'घरात बंदूक असल्यास ती कुलपात, गोळ्या वेगळ्या ठेवू' ही ओळ आणि सहीची जागा घालते. कस्टोडियनबरोबर फेरी शनिवारी. कडीकोयंडा, कुलूप लागलं की नाही ते तपासायची सोपी पद्धत कुठली?

---

कडीकोयंडा | १९ ऑगस्ट, रात्री ९:४५

दार ढकलून नका लावू, सोडून द्या आणि आपोआप मिटू द्या. हवेच्या दाबाने किंवा थकलेल्या क्लोजरमुळे (दार आपोआप मिटवणारी यंत्रणा) ते शेवटच्या इंचावर अडतं आणि मिटल्यासारखं दिसतं. मग बाहेर उभं राहून मूठ न फिरवता एकदा ओढा आणि फिरवून एकदा ओढा. प्रत्येक दार, दोन्ही वेळा. जे हललं त्यावर टेप लावून खोली क्रमांक लिहून घ्या, आणि दुरुस्त होईपर्यंत तो वर्ग वापरू नका.